दावे सोडणारा हात

परदेशी जाऊन स्थायिक होणाऱ्या कुटुंबापुढे प्रश्नांची रांगच उभी असते. मुलांची शाळा, घराच्या किल्ल्या कोणाकडे ठेवाव्यात, वृद्ध आईवडिलांच्या औषधपाण्याची व्यवस्था कशी लावावी, असे ते नाना प्रश्न असतात. अलीकडे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे आणि तो धर्मगुरूंनाही विचारला जाऊ लागला आहे. घरात लहानाचा मोठा झालेल्या कुत्र्याचे किंवा मांजरीचे काय करावे? बरोबर न्यावे की मागे ठेवावे? विमानाचा प्रवास त्याला सोसणार नसेल तर बोटीने न्यावे का? हे ऐकून प्रथम कोणालाही हसू येईल. ज्या देशात माणसांना पोटासाठी गाव सोडावे लागते, तेथे कुत्र्याच्या प्रवासाची चिंता कसली, असेही कोणी म्हणेल. तथापि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बोटीतली जागा नेहमीच मोजकी असते. कोणाला आत घ्यावे आणि कोणाला किनाऱ्यावर ठेवावे, हे तेथे ठरवावेच लागते. घरात वर्षानुवर्षे जे प्रेम आपण गृहीत धरलेले असते, त्याची पारख बोटीत पाय ठेवताना होते.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. विमानप्रवास सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्यापूर्वी मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून आगबोटी सुटत आणि साहेबलोकांची कुत्रीही त्यांतून विलायतेला जात. तेथे पोचल्यावर मात्र त्यांना सहा महिने विलग ठेवले जाई. इंग्लंडमध्ये हा नियम २००० सालापर्यंत चालू होता. त्यानंतर लसीकरण, कातडीखाली बसवलेली ओळखपट्टी आणि रक्ततपासणी यांची पूर्तता करणाऱ्या प्राण्यांना सवलत मिळू लागली. आजही भारतातून युरोपात किंवा इंग्लंडमध्ये कुत्रे न्यायचे तर रेबीजची लस, तिचा परिणाम रक्तात दिसतो की नाही याची चाचणी, त्यानंतर तीन महिन्यांची प्रतीक्षा आणि सरकारी पशुवैद्यकाचा दाखला इतके सोपस्कार असतात. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा येऊच देत नाही; त्याला आधी मान्यताप्राप्त अशा दुसऱ्या देशात काही महिने राहावे लागते. बोटीने नेणे तर आज जवळजवळ अशक्यच झाले आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘क्वीन मेरी २’सारख्या एखाद्या जहाजावर कुत्र्यामांजरांसाठी वेगळे कोंडाळे आहे, परंतु बहुतेक प्रवासी जहाजे त्यांना घेतच नाहीत. हे नियम निर्दयपणातून जन्मलेले नाहीत. रेबीजने आपल्या देशात दरवर्षी माणसे तडफडून मरतात. ज्या बेटांवर तो रोग नाही, त्यांनी आपले दार जपले तर त्यांना दोष देता येत नाही.

म्हणजे प्राणी नेणे अशक्य नाही. पण त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे त्याचे कष्ट त्या मुक्या जिवाला भोगावे लागतात. तेव्हा प्रश्न असा उरतो की हा प्रवास नेमका कोणासाठी? त्याच्यासाठी की आपल्यासाठी?

या प्रश्नाचे एक जुने आणि विदारक उदाहरण आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून गलबतावर चढवण्यात आला आणि मे महिन्यात लिस्बनला पोचला. युरोपने कित्येक शतकांत गेंडा पाहिला नव्हता. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तो प्रत्यक्ष न पाहताच, केवळ आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून, त्याचे लाकडी ठशातले चित्र कोरले. ते आजही जगप्रसिद्ध आहे. पोर्तुगालचा राजा मानुएल याने तो गेंडा पुढे पोप दहावे लिओ यांना नजराणा म्हणून पाठवला. त्याच्या आधी, १५१४ साली, हान्नो नावाचा भारतीय हत्ती त्यांना मिळालेला होता. पोपमहाशयांचा त्या हत्तीवर मोठा जीव होता. पण तो आजारी पडला तेव्हा त्याला सोने मिसळलेले रेचक देण्यात आले आणि १५१६ साली तो मेला. गेंडा तर रोमला जिवंत पोचलाच नाही. इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज फुटले. गेंडा हा पोहणारा प्राणी आहे. परंतु त्याचे पाय साखळदंडाने जहाजाला जखडलेले होते. तो जहाजाबरोबर तळाला गेला.

या कथेत कोणी दुष्ट नाही. सुलतान, राजा, पोप या सर्वांना त्या प्राण्याचे कौतुकच होते. हत्तीला सोन्याचे औषध देणाऱ्याला तो वाचावा असेच वाटत होते. पण त्या कौतुकात, यातून त्या जनावराचे भले काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ते दोघे नजराण्याचे प्राणी होते आणि आपले घरातले आहेत, हे खरे. तरीही त्या साखळीचा एखादा दुवा आपल्या प्रेमात शिरला आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे. एखादे कुत्रे मायेपोटी पाळलेले असते, तसेच एखादे मिरवण्यासाठीही पाळलेले असते. दोघांच्याही गळ्यात पट्टा सारखाच दिसतो.

पवित्र शास्त्रात पहिली मोठी बोट येते ती नोहाची. आपण ती गोष्ट मुलांना चित्रांतून सांगतो आणि मोठेपणी विसरतो. उत्पत्तीचा तो भाग नीट वाचला तर दोन गोष्टी ध्यानात येतात. नोहाने आपल्या आवडीचे प्राणी निवडलेले नाहीत. शुद्ध मानलेले आणि अशुद्ध मानलेले, उपयोगाचे आणि निरुपयोगी, असे सर्वच तारवात आहेत. शिवाय देव त्याला नुसते प्राणी घेण्यास सांगत नाही; त्यांच्या अन्नाचा साठा करण्यासही सांगतो. जीव वाचवणे आणि जीव पोसणे या एकाच आज्ञेच्या दोन बाजू आहेत. पूर ओसरल्यावर देव जो करार करतो तोही केवळ नोहाच्या वंशाशी नाही, तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक सजीवाशी आहे. इंद्रधनुष्य पाहताना त्या करारात गाय, कावळा आणि कुत्राही आहे, हे आपल्या सहसा मनात येत नाही.

कॅथलिकांच्या बायबलमध्ये असलेल्या तोबीतच्या ग्रंथात तर एक कुत्रा प्रवासालाच निघतो. तरुण तोबिया देवदूत राफाएलबरोबर दूरदेशी जातो, तेव्हा घरचा कुत्रा त्यांच्यामागून चालू लागतो. कथेत त्याला काहीच काम नाही. तो कोणाला वाचवत नाही, कोणावर भुंकत नाही. तरी पवित्र लेखकाने त्याची नोंद ठेवली आहे. ज्या यात्रेत देवदूत सोबती आहे, त्या यात्रेतही कुत्र्याला जागा आहे, एवढेच जणू त्याला सांगायचे असावे.

तत्त्वज्ञांनी या विषयावर पुष्कळ वाद घातला आहे. देकार्त या फ्रेंच विचारवंताने प्राण्यांना जवळजवळ यंत्रांच्या पंक्तीला बसवले. संत थॉमस अक्विनास यांनी प्राण्यांशी क्रौर्य करू नये असे सांगितले खरे. पण त्यांचे मुख्य कारण असे की क्रौर्याची सवय लागलेला मनुष्य पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. ख्रिस्तसभेचे चिंतन तेथेच थांबले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षेत, प्राणी आपल्या केवळ अस्तित्वाने देवाचे गौरव करतात आणि म्हणून माणसाने त्यांना दया दाखवणे हे त्यांचे देणे आहे, असे सांगितले आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात आणखी स्पष्टपणे सांगितले की, पृथ्वीवर सत्ता चालवण्याच्या आज्ञेचा अर्थ मनमानी असा नव्हे आणि अन्य प्राणिमात्रांना देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे. मात्र त्याच धर्मशिक्षेने दुसरी बाजूही सांगून ठेवली आहे. माणसाचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे. आणि जे प्रेम माणसाचे आहे, ते प्राण्याला देऊन मोकळे होणेही योग्य नव्हे.

दोन्ही बाजू मान्य केल्या तरी बोटीतली जागा वाढत नाही. मग निवाडा कसा करायचा? याचे उत्तर शोधण्यासाठी मी वाचकांना सावित्री नदीच्या काठी नेऊ इच्छितो.

महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी घाट उतरून पोलादपुराशी येते, पुढे महाडला वळसा घालते आणि बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. आज महाड आणि पोलादपूर ही आपल्याला मुंबई-गोवा महामार्गावरची गावे वाटतात; पण एके काळी या खाडीतून पडाव आणि लाँचा वर येत आणि महाडजवळचे दासगाव हे नांदते बंदर होते. त्याच नदीचा पूरही या लोकांना ठाऊक आहे. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २०२१ च्या २२ जुलैला महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच संध्याकाळी तळिये गावावर डोंगर आला आणि ८०हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही बळी पडले. तेव्हा बाजारपेठेच्या रस्त्यांतून बचावपथकांच्या बोटी फिरत होत्या.

अशा बोटीत कोणाला घ्यायचे? २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. बचावबोटींत कुत्र्यामांजरांना घेण्यास अनेक ठिकाणी नकार मिळाला आणि कित्येक लोकांनी आपले जनावर सोडून बोटीत चढण्याचे नाकारले. परिणामी पुढच्याच वर्षी, आपत्तीच्या काळात लोकांना हलवताना त्यांच्या पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे, असा कायदा तेथे करावा लागला. आपल्याकडील लोकांना हे परदेशी खूळ वाटण्याचे कारण नाही. कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गाच्या रथात बसण्यास नकार देणारा युधिष्ठिर महाभारतातलाच आहे. कुत्र्याच्या स्वामिनिष्ठेच्या कथा आपण आवडीने सांगतो. याच महाड तालुक्यातील रायगडावर वाघ्या कुत्र्याचे शिल्प आहे. त्या कथेला इतिहासाचा आधार किती, यावर वाद आहेत, पण ती लोकांना प्रिय आहे यात शंका नाही. कुत्र्याने माणसावर ठेवलेल्या निष्ठेचे एवढे कौतुक आहे, तर माणसाने कुत्र्याशी राखावयाच्या निष्ठेचाही विचार व्हायला हवा.

तरीही बोटीत एकच जागा असेल आणि पाण्यात मूल व कुत्रा दोन्ही असतील, तर जागा मुलाची. याबद्दल ख्रिस्ती मनात संदेह असू नये. पण पुरात जी जनावरे मरतात, त्यांतली अनेक बोटीत जागा नव्हती म्हणून मरत नाहीत. ती दाव्याला बांधलेली असतात म्हणून मरतात. बैलाला, म्हशीला पोहता येते. गोठ्यात पाणी चढत असताना तिला बोट नको असते. गळ्यातली गाठ सुटायला हवी असते. पूर येण्यापूर्वी जनावरे मोकळी सोडावीत, असे आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचनाही सांगतात. गोठ्यातली म्हैस आणि तो साखळदंडातला गेंडा यांच्यात चार-पाच शतकांचे अंतर असले तरी दोघांचे मरण एकाच जातीचे आहे. म्हणून बोटीत जागा देणे नेहमी आपल्या हाती नसले, तरी दावे सोडणे बहुधा असते. आणि ज्याने दावे बांधले, सोडण्याचे कर्तव्य त्याच्याकडेच येते. रानातल्या सांबराचे आपण असे देणे लागत नाही. ज्या जिवाला आपण आपल्या हातातल्या घासावर जगायला शिकवले, त्याचे लागतो.

प्रभू येशूने याच दाव्याचा दृष्टान्त घेतला आहे. लूकच्या शुभवर्तमानात, अठरा वर्षे पाठीत वाकलेल्या एका स्त्रीला तो शब्बाथ दिवशी बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. तेव्हा येशू त्याला आठवण करून देतो की शब्बाथ असला तरी तुम्ही आपल्या बैलाला किंवा गाढवाला गव्हाणीपासून सोडता आणि पाण्यावर नेता. मग अब्राहामाच्या या लेकीचे बंधन सोडायला नको काय? येशू बैलाला सोडणाऱ्याला दोष देत नाही, उलट त्याची ती दया खरी धरून तो पुढे जातो. बैलाची तहान तुला कळते ना? मग तोच हात या बाईसाठीही पुढे कर, असा त्याचा आग्रह आहे.

हे वचन महाडमध्ये वाचताना चवदार तळे आठवल्यावाचून राहत नाही. त्या तळ्यावर अन्य धर्मीयांना पाणी घेता येई, गुरेढोरेही तेथे पाणी पीत. पण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसाला ओंजळभर पाणी घेण्याची मुभा नव्हती. नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तेथे पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचे शेणगोमूत्राने शुद्धीकरण करण्यात आले. त्याच वर्षीच्या नाताळात बाबासाहेब पुन्हा महाडला आले ते मुंबईहून बोटीने दासगावला उतरून. हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून १९३७ साली मिळाला. बैलाला दाव्यातून सोडून पाण्यावर नेणारा आणि माणसाला पाण्यापासून अडवणारा हात एकच होता, हे या इतिहासाचे दुःख आहे. आपण ख्रिस्ती लोकांनी यावर दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. आपल्या देशात काही ठिकाणी देवळाच्या बाकांवर आणि दफनभूमीतही जातीच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत.

यावर, जनावरांचे लाड बंद करा, असे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. महाराष्ट्राच्या संतपरंपरेत एकनाथांच्या दोन कथा आहेत. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली. आणि तापल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे मूल त्यांनी कडेवर घेतले. या दोन कथा वेगळ्या काढता येत नाहीत. गाढवाची तहान ज्याला कळली, त्यालाच मुलाचे भाजणारे पाय कळले. दया ही कणगीतल्या भातासारखी वाटल्याने संपत नाही. मात्र ती एकाच दारी थांबली तर ती दयाच होती काय, असा संशय घ्यायला जागा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परदेशी जाताना प्राणी न्यावा की नाही, याला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. पण काही गोष्टी मनाशी प्रामाणिकपणे पडताळता येतात. जनावर म्हातारे किंवा आजारी असेल, चपट्या नाकाच्या जातीचे असेल, तर लांबचा प्रवास त्याच्या जिवावर बेतू शकतो. अशा वेळी आपल्याला त्याच्यावाचून करमणार नाही एवढ्यासाठी त्याला पेटीत कोंडणे हे प्रेम नव्हे. ते तरुण आणि निरोगी असेल, त्याचा सगळा जीव एकाच माणसावर असेल आणि ऐपत असेल, तर त्याला नेण्यात लाज वाटण्याचे काही कारण नाही. २०२२ साली युद्ध पेटलेल्या युक्रेनमधून परतताना काही भारतीय विद्यार्थी आपली कुत्रीमांजरे सोडून यायला तयार नव्हते आणि सरकारनेही त्यांच्यासाठी नियम सैल केले. त्या मुलांना कोणी वेडे म्हणू नये.

परंतु त्याबरोबर दुसराही हिशेब मांडावा. आपल्या गावांत अशी घरे आहेत, जिथून मुलगा, सून, नातवंडे परदेशी गेली आणि मागे म्हातारी आई व घरचा कुत्रा एवढीच उरली. संध्याकाळी ओसरीवर तिचे बोलणे ऐकायला तोच असतो. असा कुत्रा नेणे म्हणजे तिचा शेवटचा सोबती नेणे होय. याउलट, कुत्र्याच्या कागदपत्रांसाठी आणि तिकिटासाठी लाखभर रुपये सहज निघतात आणि आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर ढकलली जाते, असे जेथे घडते, तेथे प्रभूने सभास्थानाच्या अधिकाऱ्याला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारावा. आई माघारी राहण्यात पाप नाही. पुष्कळदा तिला स्वतःलाच ओटीवरून हलायचे नसते. पण तिच्या एकटेपणाची व्यवस्था ही कुत्र्याच्या व्यवस्थेइतक्या बारकाईने व्हावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणि प्राणी मागेच ठेवायचा असेल, तर त्याला माणूस शोधून द्यावा. रात्री गाडीत घालून महामार्गाच्या कडेला किंवा मासळीबाजारात सोडून येणे, ही आपल्याकडची रूढ पळवाट आहे. ज्याला दाराबाहेरचे जग ठाऊक नाही, त्याला असे सोडणे म्हणजे दावे सोडणे नव्हे. त्याला उपाशी मरायला टाकणे आहे. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हाही आहे. दावे सोडायचे ते पाण्यावर नेण्यासाठी, असेच प्रभूच्या वचनातले चित्र आहे. शेजारी, नातलग, धर्मग्रामातील एखादे कुटुंब असेल, त्यांच्याकडे जाण्याआधी महिना-दोन महिने त्याला रुळू द्यावे. जाताना त्याच्या खाण्याची तजवीज करून द्यावी. नोहालाही आज्ञा अन्नसाठ्यासकट मिळाली होती.

४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण येतो. काही धर्मग्रामांत त्या दिवशी प्राण्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा आहे आणि लेकरे आपापली कुत्री, बकऱ्या, पोपट घेऊन चर्चच्या आवारात येतात. त्या दिवशी पवित्र पाण्याचे थेंब जितके प्राण्यांसाठी असतात, तितकेच त्यांची दोरी धरणाऱ्या हातांसाठीही असावेत, असे मला वाटते. पावसाळ्यापूर्वी आपल्या वाडीत कोणाच्या गोठ्यातली जनावरे कोण सोडणार, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बोटीपर्यंत कोण आणणार आणि परदेशी गेलेल्यांच्या अंगणातला मुका जीव कोणाच्या घासावर जगणार, याची एक यादी प्रत्येक धर्मग्रामाने करावी. या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहाव्यात, कारण त्या करायच्या आहेत त्या एकाच हाताने.